पाठीची ताकद : कष्ट आणि कसरत

मराठी भाषेने पाठीला मोठा मान दिला आहे. अडचणीत धावून येणारा माणूस आपल्या ‘पाठीशी’ उभा राहतो. चांगले काम केले की वडीलधारे ‘पाठ थोपटतात’. भित्रा माणूस ‘पाठ दाखवतो’, आणि ज्याला स्वतःचे मत नाही त्याला ‘पाठीचा कणाच नाही’ असे आपण म्हणतो. कुस्तीत तर सगळा निकालच पाठीवर ठरतो. पाठ मातीला लागली की पैलवान चीत. भाषेने एवढा मान दिलेल्या या अवयवाकडे प्रत्यक्षात मात्र आपले फारसे लक्ष नसते. छाती, दंड आणि पोट आरशात दिसतात, पाठ दिसत नाही. ती दुखू लागली म्हणजेच तिची आठवण होते.

पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम कोणते व ते कसे करावेत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पण आमच्या झाडीपट्टीत व्यायामाचा विषय काढला की आधी एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सुट्टीत घरी गेल्यावर व्यायाम करताना दिसले की आजी म्हणते, ‘‘अंगात एवढी रग असंल त बांधीत चाल ना!’’ आजीचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. ज्यांची पाठ दिवसभर राबते त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज काय? राबणारी पाठ आपोआपच बळकट होत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर समजले तर पुढचे व्यायाम समजायला सोपे जाईल, म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

आपल्याकडील पाठीचे काम

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. त्या वर्षी २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला. जिल्हे दोन झाले तरी दोन्हीकडच्या कष्टांचे स्वरूप एकच राहिले. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची, ती जमिनीपर्यंत वाकून. मे महिन्यात तेंदूची पाने खुडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे आणि ते डोक्यावरून फळीवर पोचवायचे. पावसाळ्यात धानाची रोवणी आली की गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून दिवस काढायचा. पुढे कापणी, भारे वाहणे, बांबू तोडणे आणि वर्षभर सरपणाच्या मोळ्या आहेतच. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथे यंत्रे आली, तरी अंगमेहनत संपलेली नाही.

एवढे काम करणाऱ्या पाठी बळकट असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तसे नाही. गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील ‘सर्च’ या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने या जिल्ह्यातील खेड्यांत पाठदुखीची व सांधेदुखीची पाहणी केली, आणि मुंबईचे मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज त्या कामात सहभागी झाले. ही पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातील प्रौढ माणसांत पाठीचे दुखणे अतिशय पसरलेले आहे, असा तिचा निष्कर्ष आहे. जागतिक पातळीवर पाहिले तरी माणसाला काम करता न येण्याचे सर्वांत मोठे कारण कंबरदुखी हेच आहे. म्हणजे कष्टाने पाठ घडते हा आपला समज तपासून पाहायला हवा.

पाठीची रचना

आपला कणा ३३ मणक्यांचा असतो. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके सुटे असून हलतात. त्यांच्या खालचे मणके एकमेकांना जुळून त्रिकास्थी व माकडहाड तयार होते. सुट्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. चकतीचा मधला भाग मऊ, तर कडेचा भाग चिवट असतो. बैलगाडीला नसलेली स्प्रिंग निसर्गाने आपल्या कण्याला दिली आहे, असे म्हणता येईल.

या कण्याला उभे धरण्याचे काम स्नायू करतात. सोयीसाठी त्यांचे तीन गट मानू. पहिला गट कण्याच्या दोन्ही बाजूंनी, त्रिकास्थीपासून मानेपर्यंत, दोन जाड दोरांसारखा जातो. त्याला इरेक्टर स्पायनी म्हणतात. वाकलेले धड सरळ करणे आणि सरळ धड टिकवून धरणे हे त्याचे काम. दुसरा गट म्हणजे काखेपासून कमरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला लॅटिसिमस डॉर्सी. झाडावर चढताना किंवा विहिरीतून बादली ओढताना जोर लावतो तो हाच. पैलवानाची पाठ इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते तीही याच्यामुळेच. तिसरा गट खांद्याच्या पात्यांभोवतीचा. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपीझियस आणि त्याच्याखालचे ऱ्हॉम्बॉइड हे स्नायू त्यात येतात. खांदे मागे खेचून छाती उघडी ठेवण्याचे काम यांच्याकडे आहे. ज्याला पोक आले आहे त्याचा हा गट दुबळा झालेला असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पाठीची मुख्य कामे दोन आहेत : सरळ करणे आणि ओढणे. पाठीचा कोणताही व्यायाम यांपैकी एका कामात मोडतो.

कष्टाने पाठ का घडत नाही?

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. पहिले कारण तरफेचे आहे. शाळेत आपण तरफ शिकलो. वाकून एखादी वस्तू उचलताना कणा ही तरफ होते. पाठीचा स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतो, तर हातातले ओझे ५० सेंटिमीटरवर असते. म्हणजे १० किलोच्या ओझ्यासाठी स्नायूला त्याच्या दसपट, सुमारे १०० किलोचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. तेच ओझे अंगाजवळ, २५ सेंटिमीटरवर घेतले तर जोर निम्म्यावर येतो.

दुसरे कारण जास्त आश्चर्याचे आहे. माणूस हळूहळू वाकत गेला की सुरुवातीला पाठीचे स्नायू काम करतात. पण तो पूर्ण वाकला की ते जवळजवळ थंड पडतात आणि धडाचा भार मणक्यांना बांधणाऱ्या स्नायुबंधांवर व चकत्यांवर लोंबकळतो. स्नायूंतील विजेचे सूक्ष्म प्रवाह मोजून इंग्लंडमधील फ्लॉइड व सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात हे दाखवले. रोवणी करणारी बाई जवळजवळ पूर्ण वाकलेली असते. याचा अर्थ असा, की ज्या कामात पाठीचा सर्वांत जास्त वापर होतो असे आपल्याला वाटते, त्याच कामात पाठीच्या स्नायूला फारसा व्यायाम मिळत नाही. झिजतात ते बंध. ताणलेले बंध उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत, त्यांना वेळ लागतो. म्हणून बांधीतून बाहेर पडल्या पडल्या डोक्यावर भारा घेणे धोक्याचे.

तिसरे कारण विश्रांतीचे. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. व्यायामानंतरच्या विश्रांतीत, पोटात अन्न असताना वाढतो. मजुराला ही विश्रांती मिळत नाही. रोवणीच्या हंगामात सोमवारी पाठ दुखली म्हणून मंगळवारी कोणी सुट्टी देत नाही. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान व त्यांचे सहकारी या विषयावर अनेक वर्षे काम करीत आहेत. फावल्या वेळातील व्यायामाने प्रकृती सुधारते, पण पोटासाठी केलेल्या जड श्रमाने तसा लाभ होत नाही, उलट कधी नुकसानही होते, असे त्यांना आढळले. श्रम तासन्‌तास चालतो, एकाच ढंगात चालतो आणि त्यात थांबणे आपल्या हाती नसते, ही त्यांनी दिलेली कारणे रोवणीला तंतोतंत लागू पडतात.

मणिपूरच्या मीराबाई चानूचे उदाहरण येथे आठवते. लहानपणी ती भावापेक्षा जड सरपणाची मोळी सहज उचलत असे, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तिने ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. मोळीवरून तिची ताकद ओळखता आली. पण ती ताकद घडली प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मोजूनमापून वाढवलेल्या वजनांनी आणि विश्रांतीच्या दिवसांनी. मोळ्या तर आपल्याकडे हजारो मुली उचलतात.

म्हणून आजीला द्यायचे उत्तर असे : कष्टात ओझे कामाच्या गरजेप्रमाणे ठरते, व्यायामात ते शरीराच्या कुवतीप्रमाणे ठरते. कष्टाने पाठ खर्च होते, व्यायामाने पाठीत जमा होते. ज्याला रोज खर्च करायचा आहे त्याला जमेची गरज जास्त.

आपल्या परंपरेतील ओढण्याचे व्यायाम

आपल्याकडे व्यायाम म्हटले की जोर-बैठका डोळ्यांसमोर येतात. हे व्यायाम उत्तमच आहेत. पण जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे. त्यात छाती, खांदा आणि दंडाचा मागचा भाग काम करतो. बैठकांत मांड्या काम करतात. दोहोंत ओढणे नाही. नुसते जोर मारणाऱ्याची छाती भरते, पण पाठ मागे राहते आणि खांदे पुढे झुकतात.

जुन्या वस्तादांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. तालमीत जोरांबरोबर दोर चढणे असे, फावड्याने हौदाची माती उकरणे असे, आणि मल्लखांब असे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला आजचे रूप दिले. मल्लखांबावरची प्रत्येक पकड व उडी अंग वर ओढण्यावर उभी आहे. दोरीच्या मल्लखांबाचा प्रकार मुलींमध्ये विशेष रुजला. आपल्या विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामांची व खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. बडोद्याहून मुजुमदारांनी काढलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीतच आहेत. मल्लखांब सागवानाचा करतात, आणि सागवान आलापल्ली-बल्लारपूरचे प्रसिद्ध! लाकूड आमच्या जंगलात आहे, पण त्यावर चढणारी मुले फार थोडी दिसतात.

करावयाचे व्यायाम

पुढील सात व्यायामांना जिमची आवश्यकता नाही. एक काठी, पाण्याची कॅन, एखादे पोते आणि लटकण्यासाठी सिंगल बार किंवा मजबूत ओली फांदी एवढे पुरे.

१. वाकण्याचा सराव : काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून बसकण मागे ढकलत वाकावे. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली तर आपण खुब्यातून वाकलो. सुटली तर कण्यातून वाकलो. १० वेळा करावे. बाकीच्या व्यायामांचा हा पाया आहे.

२. चार पायांचा व्यायाम : हात व गुडघे जमिनीला टेकून जनावरासारखे उभे राहावे. उजवा हात पुढे व डावा पाय मागे, पाठीच्या रेषेत उचलून ८ ते १० सेकंद धरावा. मग बाजू बदलावी. प्रत्येक बाजूस ६ वेळा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्गिल यांनी कण्यावर कमी भार टाकून पाठ बळकट करणारा व्यायाम म्हणून याची शिफारस केली आहे.

३. शलभासन : पालथे झोपून छाती व पाय जमिनीपासून थोडे उचलावेत, ५ सेकंद धरून खाली आणावेत. ८ ते १० वेळा. हिसका देऊ नये. जास्त उंच जाण्यात फायदा नाही.

४. कुशीवरचा व्यायाम : एका कुशीवर होऊन कोपर व गुडघे जमिनीवर टेकवून कंबर वर उचलावी. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेष व्हावी. १० सेकंद धरून ५ वेळा, दोन्ही कुशींवर. सवय झाल्यावर गुडघ्यांऐवजी पावले टेकवावीत.

५. कॅन ओढणे : एक हात बाकावर किंवा खाटेच्या माच्यावर टेकून, पाठ सपाट ठेवून वाकावे. दुसऱ्या हातात पाण्याची कॅन घेऊन ती कमरेकडे ओढावी. कोपर अंगाला घासत जावे व शेवटी खांद्याचे पाते कण्याकडे सरकावे. प्रत्येक हाताने १० ते १२ वेळा, अशा ३ फेऱ्या. पाण्याची कॅन घेण्याचे कारण असे, की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वजन एकेक किलोने वाढवता येते आणि खर्च काही नाही.

६. लटकणे व सावकाश उतरणे : बारला किंवा फांदीला २० सेकंद लटकावे. मग स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणावी, पाय सोडावेत आणि पाच अंक मोजत हळूहळू खाली यावे. ३ ते ५ वेळा. वर ओढून घेण्यापेक्षा सावकाश उतरणे सोपे असते, आणि त्यानेच काही आठवड्यांत वर जाण्याची ताकद येते. पहिल्या दिवशी एकही पुल-अप निघाला नाही म्हणून कोणी लाजू नये.

७. पोते उचलणे : वाळूचे किंवा धानाचे १० किलोचे पोते दोन पायांच्या मध्ये ठेवावे. पहिल्या व्यायामाप्रमाणे खुब्यातून वाकून, पोते अंगालगत ठेवून उभे राहावे आणि तसेच खाली ठेवावे. ८ ते १० वेळा, ३ फेऱ्या.

नियम व काळजी

हे व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितले आहेत. अजून दोन वेळा निघेल असे वाटत असतानाच थांबावे. तिन्ही फेऱ्या सहज निघू लागल्या की वजन थोडे वाढवावे. ओझे क्रमाने वाढवण्याचे हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांवर वापरून शास्त्रीय पायावर आणले. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायूंना मिळणारे मज्जातंतूंचे आदेश सुधारल्यामुळे. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत धीर धरावा, आणि जेवणात डाळ, हरभरा, अंडी, मासे यांपैकी जे परवडेल ते रोज असावे.

झोपेत चकत्यांत पाणी मुरून त्या फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या कणा ताठर असतो. म्हणून पहाटे उठून लगेच जड वजनाला हात घालू नये. तासभर चालणे-फिरणे झाल्यावर किंवा संध्याकाळी व्यायाम करावा. ज्या दिवसांत रोवणीला जायचे आहे त्या दिवसांत पोते उचलण्याचा व्यायाम बंद ठेवावा. त्याऐवजी दर अर्ध्या तासाने उभे राहून, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकावे. बांधीतून निघाल्यावर थोडे चालून मगच ओझे घ्यावे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर व्यायाम न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आपल्यासाठी

आपल्यापैकी बहुतेकांनी बांधी सोडून बाक धरला आहे. अभ्यासिकेत आठ-आठ तास बसून आपण परीक्षांची तयारी करतो. आईची पाठ वाकून झिजली, आपली बसून झिजेल. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रस्तोरस्ती दिसतात. धावणे चांगलेच, पण त्याच चाचणीतला गोळा लांब जातो तो पाय, धड आणि पाठ यांच्या जोरावर, एकट्या हाताच्या नव्हे.

मैत्रिणींना विशेष सांगायचे आहे. वजने उचलल्याने मुलगी पुरुषासारखी दिसू लागते, ही भीती निराधार आहे. पुरुषांचे स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या शरीरात फार थोडे असते. तिची ताकद वाढते, हाडेही घट्ट होतात. एका व्यायामशाळेत चौकशीला गेले तेव्हा ‘मुलींसाठी वेळ नाही’ असे उत्तर मला मिळाले होते. धानाची बांधी, तेंदूची फळी आणि सरपणाची वाट येथे मात्र मुलींच्या पाठीसाठी सदैव वेळ असतो!

या उपायांना खर्च फारच थोडा आहे. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानात एक सिंगल बार आणि चढण्यासाठी एक जाड दोर बसवावा, तसेच मैदानावर आठवड्यातून तीन दिवस एक तास केवळ मुलींसाठी राखून ठेवावा. जिमखान्याच्या येत्या वर्षाच्या मागणीपत्रात या तीन गोष्टी घ्याव्यात अशी नम्र विनंती शारीरिक शिक्षण विभागाला करते. तोपर्यंत पाण्याची कॅन प्रत्येकाच्या घरी आहेच. तिच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.